अडतीस आणि अठ्ठावन्न

महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत शिरायचे तर खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराचे वय ३८ च्या आत लागते, मागास प्रवर्गातल्याचे ४३ च्या आत. बाहेर पडायचे वय ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. खासगी नोकऱ्यांत असे आकडे सहसा कागदावर येत नाहीत, पण चाळिशी ओलांडून मुलाखतीला गेलेल्या माणसाला ते पाठ असतात. याच समाजात रोज सांगितले जाते, की एका पदवीवर आता जन्म निघणार नाही, आयुष्यभर शिकत राहा, दोन-तीनदा व्यवसाय बदलायची तयारी ठेवा. हा उपदेश खोटा नाही. पण तो मनावर घेऊन पंचेचाळिसाव्या वर्षी नवे काही शिकून आलेल्या माणसाला दारातच जन्मतारीख विचारली जाते, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. मला वाटते.

म्हणून हा संवाद. बोलणारी दोघे: आत्या, वय ७२, १९७४ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागलेली आणि २०१३ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, आणि तिचा भाचा, वय ४२, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करणारा. माणसे रचलेली आहेत, त्यांच्यापुढचे प्रश्न रचलेले नाहीत.

भाचा: मार्चअखेर राजीनामा देतोय, आत्या. दोन वर्षं बी.एड. आणि मग शाळेत गणित शिकवणार. घरी सांगितल्यापासून कुणी माझ्याशी धड बोलत नाहीये.

आत्या: मी बोलेन, पण आधी हिशेब विचारेन. घराचे हप्ते किती राहिलेत?

भाचा: अजून नऊ वर्षांचे.

आत्या: आणि बी.एड. झाल्यावर कुठे लागणार? जिल्हा परिषदेची नाहीतर अनुदानित शाळा हवी तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. तोवर तू पंचेचाळिशीला आलेला असशील.

भाचा: ती दारं मला आत्ताच बंद आहेत. राहिल्या खासगी शाळा. तिथे आत्ताच्या पगाराचा पाचवा हिस्सा तरी मिळेल का, माहीत नाही. तरी जायचंय, कारण इथे बसून राहण्यातही आता सुरक्षितपणा नाही. पूर्वी आम्ही दहाजण मिळून टेस्ट केसेस लिहायचो. आता त्या यंत्र लिहितं, आणि मी फक्त वाचून बघतो, काही राहिलंय का. दर तिमाहीला सांगतात, अपस्किल व्हा. क्लाउडची प्रमाणपत्रं घेतली, तर तीन वर्षांत त्यांची मुदत संपते. पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, आणि अभ्यास रात्री अकरानंतर, पोरगी झोपल्यावर. त्यातलं मनाला काही लागत नाही. रविवारी सोसायटीतली चार पोरं येतात. अपूर्णांकाचा भागाकार करताना खालचा अपूर्णांक उलटा का करायचा, हे त्यांना एकदा कळलं ना, की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मला ते काम करायचंय.

आत्या: यंत्र आमच्याही दारात आलं होतं. बचत खात्याचं व्याज तेव्हा दर महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघायचं. जून आणि डिसेंबर अखेरीला एकेक लेजर उघडायचं, एकेका खात्याचे आकडे काढायचे, आणि बेरीज जुळेपर्यंत उठायचं नाही. चार आण्यांचा फरक सापडेना म्हणून रात्रीचे दहा वाजलेत, अशा कितीतरी अखेरी काढल्या. ज्याचा बॅलन्स पहिल्या झटक्यात जुळायचा, त्याला शाखेत वेगळा मान होता. आणि मग कळलं, की हे सगळं आता यंत्र करणार. आम्ही मोर्चे काढले. मीही होते. १९८३ साली बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात करार झाला, यंत्रं कुठे, किती आणि कुठल्या कामाला बसवायची याचा. पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. लेजर पोस्टिंगची यंत्रं आमच्या शाखेत आली ती त्यानंतर, टप्प्याटप्प्याने. मला बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पाठवलं ते कामाच्या दिवसांत, पूर्ण पगारावर, वर प्रवासभत्ता देऊन. सीएआयआयबी पास झाले तेव्हा पगारवाढ लागली. पन्नाशीला आले तेव्हा कोअर बँकिंग आलं, पण तोवर यंत्राची धास्ती उरली नव्हती. तू म्हणतोस ते रात्री अकरानंतरचं शिकणं मला माहीतच नाही. मी दिवसा शिकले.

भाचा: आणि त्या टप्प्याटप्प्याची किंमत कुणी मोजली? ग्राहकाने. पितळी टोकन घेऊन तो बाकावर बसलेला असायचा. पासबुक भरून घ्यायला उद्या या. चौऱ्याण्णव-पंचाण्णवमध्ये नव्या खासगी बँका आल्या त्या पहिल्या दिवसापासून संगणक घेऊन आल्या, आणि तुमच्या बँका दहा वर्षं त्यांच्यामागे धावत राहिल्या. तुम्ही शिकलात, आत्या. पण तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस शिकला का? नोकरी जाणारच नाही म्हटल्यावर त्याने कशाला शिकायचं?

आत्या: काहीजण नाही शिकले, खरं आहे. आमच्याकडे एकजण निवृत्तीच्या दिवसापर्यंत स्वतःचा पासवर्ड शिपायाकडून टाकून घ्यायचे. ग्राहकाने त्रास काढला, तेही खरं. पण मुंबईत त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं ते बघ. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तोही हुशार माणूस होता. साच्यावर उभा राहून धागा कुठे तुटणार हे आवाजावरून ओळखणारा. त्याला कुणी विचारलं का, की बाबा, गिरणी गेली तर तुला काय शिकायला आवडेल? कुणी वर्षभर पगारावर शिकायला पाठवलं का? गावची वाट धरली, नाहीतर भाजी विकली, नाहीतर दुसऱ्याच्या इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीला उभा राहिला. आम्ही त्याच्यापेक्षा हुशार नव्हतो. आमच्या पायाखाली जमीन होती, एवढाच फरक.

इथे मला आत्याचे पटते, आणि पूर्णपणे पटते. शिकण्याविषयी बोलताना आपण जिद्दीच्या गोष्टी सांगतो. दिव्याखाली अभ्यास केलेल्यांच्या, पन्नाशीत पदवी घेतलेल्यांच्या. त्या खऱ्या असतात, पण त्यांतून निघणारा अर्थ अपुरा असतो. एकाच शहरात, त्याच दोन वर्षांत, एका कामगाराला यंत्राशी जुळवून घ्यायला वीस वर्षे मिळाली आणि दुसऱ्याला वीस दिवसही नाहीत. पहिला बदलला आणि दुसरा मोडला. त्याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधणे हा दुसऱ्यावर अन्याय आहे. नवे शिकणे म्हणजे काही काळ अडाणी व्हायला तयार असणे, आणि ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचे धान्य नाही त्याला ते परवडत नाही.

भाचा: मग आत्ताच्या शिक्षकांचं घे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणारे जे सेवेत आहेत आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर सक्तीची निवृत्ती. नोकरी जात नाही म्हणून माणूस शिकत नाही, हे न्यायालयालाही दिसलंच ना? मी तर म्हणतो, चांगलं झालं. ज्याच्या हातात पोरं आहेत त्याची तपासणी व्हायलाच हवी.

आत्या: तपासणी व्हावी. पण ही तपासणी आहे की धाक? पंचवीस वर्षं वस्तीशाळेत, वाडीवर शिकवलेली बाई पन्नाशीला पर्यायी प्रश्नांची पुस्तकं घेऊन बसते. तिच्या मनात एकच विचार, नापास झाले तर घर कसं चालेल. असल्या मनात नवीन काही शिरतं का? ती पाठ करेल, पास होईल, आणि परीक्षा संपली की विसरेल. तिला वर्षातले दोन महिने पूर्ण पगारावर एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसवलं असतं तर ती खरी शिकली असती.

भाचा: आणि त्या दोन महिन्यांत तिच्या वाडीवरच्या पोरांना कोण शिकवणार? तुझ्या प्रत्येक उत्तराला पैसे लागतात, आत्या.

आत्या: लागतातच. न शिकवण्याचेही लागतात, फक्त ते अंदाजपत्रकात दिसत नाहीत. आणि गंमत नाही, खरंच विचारते: पन्नाशीच्या शिक्षिकेला आपण म्हणतो, शीक नाहीतर घरी जा. तू बेचाळिसाव्या वर्षी आपणहून शिकून, शिकवायला येतोस, तर तुला म्हणतो, वय झालं. आपलं नेमकं म्हणणं तरी काय आहे?

भाचा: तेच. म्हणून मी या सगळ्या चौकटीबाहेर पडायचं म्हणतोय. माझ्या मते निवृत्ती ही कल्पनाच आता टाकून द्यायला हवी. म्हातारपणाच्या पेन्शनचा पहिला मोठा कायदा जर्मनीत १८८९ साली झाला, तेव्हा वय ७० ठेवलं होतं. १९१६ साली ६५ केलं. कारखान्यात राबून माणूस जेमतेम तिथवर पोचायचा. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस होतं, आज सत्तरीच्या घरात आहे. आणि आपण अजून तेच गणित धरून बसलोय: बावीसपर्यंत शिका, अठ्ठावन्नपर्यंत राबा, मग पेपर वाचत बसा.

आत्या: आकड्यात एक चूक आहे, बँकेतली सवय म्हणून सांगते. ते बत्तीस-तेहतीस बालमृत्यूंमुळे. जे साठीला पोचायचे ते तेव्हाही बरेच जगायचे. आज साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो. पण एवढ्याने तुझा मुद्दा पडत नाही. सतरा-अठरा वर्षं म्हणजे बँकेतली माझी निम्मी नोकरी.

भाचा: तेच म्हणतो मी. धोंडो केशव कर्वे बघ. १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आज सरकार ज्या वयात शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतं, बरोबर त्या वयात. सत्तरी उलटल्यावर जगभर हिंडून निधी गोळा केला. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. एकशेचार वर्षं जगले. त्यांच्या आयुष्यात निवृत्ती कुठे बसते सांग.

आत्या: कर्व्यांपुढे मी हात जोडते. पण ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते. पगार थोडा, पण ठरलेला, आणि काम निश्चित. आणि घर कुणी चालवलं? बायांनी, म्हणजे आनंदीबाईंनी. त्यांचं ‘माझे पुराण’ वाच. नवरा सगळं संस्थेला देत असताना घरात कशी ओढाताण व्हायची ते त्यांनी लिहून ठेवलंय. एका माणसाला न थांबता काम करता यावं म्हणून दुसऱ्या माणसाला न थांबता घर करावं लागलं. निवृत्ती टाकून द्या म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि खुर्चीवर बसून काम करणारे. माझ्याकडे पोळ्या करायला येतात त्या बाई पासष्टीच्या आहेत. गुडघे गेलेत. त्यांना जाऊन सांग, की ताई, निवृत्ती ही जुनी कल्पना आहे, तुम्ही काम करत राहा. घरेलू कामगार मंडळाकडे नोंद असली तर पंचावन्न वर्षांनंतर एकदा दहा हजार रुपये सन्मानधन. एकदा! पुढे काय, तर पोळ्या.

भाचा: ...

आत्या: आणि माझं सांगते. ३१ तारखेला शाखेत निरोप समारंभ झाला, सगळ्यांनी चांगली भाषणं केली. १ तारखेपासून घरातल्यांनी गृहीत धरलं, की आता आत्या दिवसभर घरीच आहे. नातवाला बालवाडीतून आणणं, दुपारचा गॅसवाला, सासूबाईंची औषधं. तुझे काका निवृत्त झाले ते खरे निवृत्त झाले. मी फक्त एका ठिकाणाहून झाले. त्यामुळे निवृत्ती नको म्हणण्याआधी ती मिळालीय कुणाला, हे एकदा मोजून घे.

भाचा: मोजलंय. तुला मिळाली, मला मिळणार नाही. माझं कर्मचारी पेन्शन योजनेचं सूत्र साधं आहे. २०१४ साली ठरलेली पगाराची मर्यादा पंधरा हजार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पस्तीस वर्षं इमानाने केली तरी महिना साडेसात हजार. प्रत्यक्ष पगार कितीही असो. उरलेलं मी साठवायचं, बाजारात गुंतवायचं, आणि बाजार पडू नये म्हणून प्रार्थना करायची. बरोबरची मुलं हिशेब मांडतात, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठले की पंचेचाळिशीला बाहेर. तुझ्या पायाखाली जमीन होती म्हणतेस ना? ती देशातल्या दहातल्या एकालाच होती. तुमच्या बँकेतही १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना नाही. एकाच काउंटरवर दोघं बसतात, एकाला पेन्शन, दुसऱ्याला बाजार.

आत्या: त्या पंचवीस पटीवर विसंबू नकोस. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. लाखभर माणसं बाहेर पडली. माझ्या बरोबरचे कितीतरी. त्यांनीही हिशेब मांडले होते, वहीत रेघा मारून. ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं होतं. दोन-तीन वर्षांत ते सहाच्या खाली-वर आलं. ज्यांनी पेन्शन घेतलं होतं ते तरले. ज्यांनी सगळी रक्कम एकदम घेतली होती, त्यांतले काही पन्नाशीत पतपेढीत हिशेब लिहायला जाऊ लागले, आधीच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर. माझंही पेन्शन तुला वाटतं तेवढं भक्कम नाही. मूळ रक्कम २०१३ साली ठरली ती तीच आहे, महागाई भत्ता तेवढा वाढतो. पण दर महिन्याला येतं. आणि ते येतं म्हणून साठीनंतर मी पेटी शिकायला जाऊ शकले. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात निर्मळ शिक्षण तेच.

भाचा: ते ऐकून मला हेवा वाटतो, आणि रागही येतो. ते निर्मळ शिकणं साठीनंतरच का? माझी मागणी साधी आहे. माझ्या म्हातारपणातली दोन वर्षं मला आत्ता द्या. मी पासष्टपर्यंत, सदुसष्टपर्यंत काम करतो. फक्त मधली ही दोन वर्षं, जेव्हा डोकं चालतंय आणि पोरगी लहान आहे, तेव्हा मला शिकू द्या. निवृत्ती टाकून द्या म्हणालो ते मागे घेतो. ती शेवटी एकदम न देता मध्ये वाटून द्या.

हे वाक्य मला या सगळ्या बोलण्यातले सर्वांत मोलाचे वाटते. निवृत्तीचे वय वाढवायचे की नाही, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद होतो. नोकरीत असलेले म्हणतात वाढवा, नोकरी शोधणारे म्हणतात वाढवू नका, आणि दोघांचेही बरोबर असते. पण फुरसतीची ती सगळी वर्षे आयुष्याच्या एकाच टोकाला का रचून ठेवायची, हा प्रश्न त्या वादात कधी येतच नाही. सिंगापूरने त्याला हात घातला आहे. २०२४ पासून तिथल्या ४० वर्षांपुढच्या नागरिकाला शिकण्यासाठी ४,००० डॉलरचे जादा खाते मिळते, आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसणाऱ्याला दरमहा निर्वाहभत्त्याचीही सोय केली आहे. छोटा, श्रीमंत देश आहे, हे मान्य. म्हणूनच आत्याचे पुढचे बोलणे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्या मातीतले आहे.

आत्या: हे नवीन नाही. सरकारी नोकरांच्या रजा नियमांत अभ्यास रजा आहेच. पाच-सहा पानांचा अर्ज करा, सेवेत परत यायचा बाँड लिहून द्या, आणि जा. म्हणजे माणसाने मध्येच थांबून शिकावं ही कल्पना सरकारला मान्य आहे. फक्त ती ज्यांची नोकरी आधीच पक्की आहे त्यांच्यापुरती मान्य आहे. आता दुसरी गोष्ट. तुझ्या पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात ना? फेब्रुवारीत तीनशे?

भाचा: व्यवसाय कर. हो.

आत्या: तो कशासाठी सुरू झाला, ठाऊक आहे? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने खेड्यातल्या माणसाला सांगितलं, की काम मागशील तर काम देऊ. वि. स. पागे यांच्या डोक्यातली कल्पना. १९७७ साली त्याचा कायदा झाला. आणि पैसा कुठून आणला? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची ठरवली. तेव्हाही लोक म्हणाले होते, परवडणार नाही. पुढे २००५ साली साऱ्या देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. ज्या राज्याने पाण्याच्या दुष्काळात कामाची हमी दिली, त्या राज्याला कामाच्या दुष्काळात शिक्षणाची हमी का देता येऊ नये? वीस वर्षं ज्याने काम केलं, मग ते हिंजवडीत असो की चाकणच्या कारखान्यात की लोकांच्या स्वयंपाकघरात, त्याला आयुष्यात एकदा वर्षभर शिकायचा हक्क. जगण्यापुरता भत्ता. आणि शिकून आल्यावर दारात जन्मतारीख विचारायची नाही.

भाचा: छान वाटतं ऐकायला. होईल काय सांगू? दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली प्रमाणपत्रांची दुकानं निघतील. बी.एड.चंच बघ. कॉलेजला यायची गरज नाही, फी भरा, परीक्षेला या, असं सांगणारी किती आहेत! रोजगार हमीत निदान खोदलेला खड्डा मोजता येतो. डोक्यात काय शिरलं ते कोण मोजणार?

आत्या: खड्डेही खोटे मोजले गेले, हजेरीपत्रकंही खोटी निघाली. हे मी तुझ्याइतकंच जाणते. म्हणून ज्यांनी त्या पैशांवर लेकरं जगवली त्यांचं जगवणं खोटं ठरत नाही. चोरी होईल ही भीती खरी आहे, त्यावर पहारा बसवावा. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांना शिकवतंय. २००१ साली एमएस-सीआयटी आलं तेव्हा तालुक्याच्या गावात पन्नाशीचे कारकून माउस धरायला शिकले. ते सगळं निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. पण मोठ्या माणसांना मराठीतून, त्यांच्या गावात शिकवायची घडी या राज्यात आहे. ती कोऱ्या कागदावर आखायची नाहीये.

भाचा: आणि ते होईपर्यंत मी साठीला पोचेन.

आत्या: पोचशील कदाचित. म्हणून तुझं वेगळं बोलू. राजीनामा देऊ नकोस.

भाचा: म्हणजे शेवटी तू पण तेच म्हणालीस.

आत्या: पूर्ण ऐक. राजीनामा देऊ नकोस, रजा माग. दोन वर्षांची बिनपगारी, परत यायच्या हक्कासकट. लेखी. २०२८ साली माझ्या पेन्शनचा विकलेला भाग पुन्हा चालू होतो, पंधरा वर्षं पूर्ण होतात. तोवर घराच्या हप्त्यातला अर्धा मी ठेवीतून भरते. कर्ज म्हणून, ठेवीच्या दराने, कागद करून. उरलेल्या अर्ध्याचं तू आणि सूनबाई बसून ठरवा, तिला विचारल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही.

भाचा: आत्या, हे मी घेऊ शकत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला अशी आत्या नाही. मग तो काय करणार? तूच आत्ता म्हणालीस, जिद्द नाही, पायाखालची जमीन महत्त्वाची. आणि मला मात्र घरातली जमीन देतेस.

आत्या: देते, कारण तू माझा भाचा आहेस आणि बी.एड.ची सीईटी जवळ आली आहे. पण त्या शेजाऱ्याचं म्हणशील तर रजेचा अर्ज एकट्याने करू नकोस. तुमच्यात चाळिशीपुढची किती माणसं आहेत?

भाचा: मजल्यावर साठ-सत्तर असतील.

आत्या: सगळ्यांच्या सह्या घे. अभ्यास रजा, परत यायचा हक्क, प्रमाणपत्रांची फी कंपनीने भरायची, आणि शिकणं कामाच्या वेळात. एका पानात बसेल एवढं.

भाचा: आमच्याकडे अशी सही कुणी करत नाही, आत्या. युनियन हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. पुढच्या कपातीत आपलंच नाव यायचं, ही भीती असते.

आत्या: आम्हालाही बदलीची भीती होती. एकदम नोकरीच जाण्याची नव्हती, तेवढं तुझं जास्त अवघड आहे, हे मानते. पण कितीजणांना विचारून बघितलंस?

भाचा: अजून कुणालाच नाही.